मधले चार क्लॅम्प

उंबरा चार बोटांचा. माणूस सहा फुटी. पडला तो माणूस.

वहिनीला उंचीची भीती वाटत नाही. पालीची वाटते.

सरस तापायला लागला की अख्ख्या घराला भिजलेल्या घोंगडीचा वास येतो.

तांब्याची नळी गुडघ्यावर वाकवायची, आणि वाकवताना श्वास रोखायचा.

"झाकण लावलंस?"
"केव्हाच."

चेलोला आज हात लावायचा नाही. सकाळीच त्याच्या पोटाला शिकंजे लावलेत.

पाणसळीतला बुडबुडा खोटं बोलत नाही, असं दादा म्हणतो. दादा बरंच काही म्हणतो.

*

यातला उंबरा सोडला तर बाकी सगळं एकाच दिवसाचं. उंबरा आधीचा, म्हणून तो आधी ओलांडू.

दादाने अर्धं आयुष्य लोकांच्या गॅलऱ्यांना लोंबकळत एसी बसवले, कधी नखाला धक्का लागला नाही. आणि मग एका सकाळी, हातात चहाचा कप, पायात घरातल्याच चपला, स्वतःच्या घराचा उंबरा ओलांडताना अडखळला तो थेट पाठीवर. कप शाबूत राहिला. डॉक्टर म्हणाले, हलायचं नाही, पडून राहायचं. दादा पडून राहिला. पण त्याच्या तोंडाला कुठल्या डॉक्टरने काही सांगितलं नव्हतं.

त्याच्या हाताखाली दोघी काम करायच्या. एक त्याची धाकटी बहीण. घरात तिला बारकी म्हणत. हे नाव ठेवणाऱ्याला पुढचं काही दिसलं नसावं, कारण बारकी आज बाहेरचं युनिट एकटीने खांद्यावर घेऊन जिने चढते आणि वर पोचल्यावर "बाकीचे कुठे राहिले?" असं विचारते. दुसरी त्याची बायको, म्हणजे बारकीची वहिनी. वहिनी बरीच वर्षं फक्त गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची. एका उन्हाळ्यात माणूस मिळेना, तेव्हा तिने फोन ठेवला आणि पाना उचलला. तो नंतर तिने खाली ठेवलाच नाही. बारकीच्या मते तेव्हापासून गिऱ्हाइकाशी गोड बोलणारं घरात कुणी उरलं नाही.

दोघींची भांडणं होत असं नाही. भांडायची सोयच नव्हती. दादाचा नियमच होता: गिऱ्हाइकाच्या घरात एकमेकांना चूक दाखवायची नाही. चुकलेलं दिसलं की मूग गिळून गप्प बसायचं. ज्याचं चुकलं तो जरा बाजूला झाला की मागून जायचं, गुपचूप सावरायचं आणि आपल्या कामाला लागायचं. "आपणच आपसात वाद घातला," दादा म्हणायचा, "तर गिऱ्हाइकाला वाटतं, यांनाच खात्री नाही, मग आपण कशाला ठेवायची?" हे दोघींच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की वहिनीने दोरीवर टाकलेला टॉवेल बारकी मागून जाऊन सरळ करायची, आणि बारकीने मांडणीत लावलेली भांडी वहिनी मागून जाऊन पुन्हा लावायची. कुणी कुणाला काही म्हणायचं नाही. घर कसं शांत.

बारकीला एका गोष्टीचा अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे. एसीतून पडणारं पाणी बाहेर नेणारी नळी, म्हणजे ड्रेन, तिने लावलेली कधी गळली नव्हती. एकदाही नाही.

दादा आडवा झाल्यावर त्यांना कामं देणारा दुकानदार भेटायला आला. उशाशी फळं ठेवली, पाठीची चौकशी केली, आणि निघताना दारात एक चप्पल घालून दुसरी शोधता शोधता दोघींना म्हणाला, "व्हायोलिनवाल्यांचं काम तुम्हाला देतोय. दादाशिवाय पहिलंच आहे, मला माहीत आहे. बिनतक्रार झालं की उन्हाळ्याची सगळी कामं तुमचीच. पण तिथून मला तक्रारीचा फोन आला तर मात्र मला दुसरी जोडी बघावी लागेल. राग मानू नका."

"राग कसला," वहिनी म्हणाली.

दुसरी जोडी म्हणजे काय ते बारकीला पुरतं कळत होतं. दुसरी जोडी म्हणजे साबणाचा कारखाना. तिथे तिने मागे दोन वर्षं काढली होती, दिवसभर एका जागी उभं राहून अंगाच्या साबणाच्या वड्या कागदात गुंडाळत. तो वास तिच्या इतका डोक्यात गेला होता की ती अजून कपड्यांच्या साबणाने अंघोळ करते. परत तिथे जायचं म्हणजे तिला जिवावर आलं असतं, आणि वहिनी एकटी शिडीवर काय करणार होती? एकटीच्या बळावर हा धंदा होत नाही. नळीला दोन टोकं असतात.

*

व्हायोलिनवाले म्हणजे वाद्यं दुरुस्त करणारे एक वयस्क गृहस्थ. लांबोडकं घर: पुढे बसायची खोली, मधे त्यांची कामाची खोली, तिला लागून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरामागे छोटं अंगण. कामाच्या खोलीत एका डब्यात गरम पाणी, त्या पाण्यात दुसरा डबा, आणि त्यात सरस. बारकीने वास घेतला आणि दारातच त्यांचं नाव ठेवून टाकलं: सरसकाका. उकाड्याने जुन्या वाद्यांचे सांधे सुटायला लागले होते, म्हणून हा एसी.

"युनिट या भिंतीवर," काका म्हणाले. ती स्वयंपाकघराकडची भिंत. "त्या भिंतीवर ऊन येतं. त्या भिंतीवर वाद्यं आहेत. त्या भिंतीत दार आहे. म्हणून या भिंतीवर."

या भिंतीला लागून टेबल होतं, आणि टेबलावर एक चेलो, म्हणजे जवळजवळ माणसाएवढं व्हायोलिन, उताणा पडला होता. त्याच्या कडेने चहूबाजूंनी लाकडी शिकंजे.

"हा जरा बाजूला घेऊ या का?" वहिनीने विचारलं.

"सकाळीच सरस लावलाय. संध्याकाळपर्यंत हा इथून हलणार नाही. टेबलही हलणार नाही."

"मग वरून प्लास्टिक टाकतो आम्ही."

"टाका. पण त्याला हवा लागली पाहिजे."

"म्हणजे कसं टाकू?"

"म्हणजे टाकू नका."

वहिनीने बारकीकडे बघितलं. बारकीने चेलोकडे बघितलं.

"आणि वरून पाण्याचा थेंब पडला तर?" काकांनी विचारलं.

"नाही पडणार," बारकी म्हणाली. "माझं काम आजवर गळलेलं नाही."

वहिनी वाकून पिशवीत काहीतरी शोधायला लागली.

*

काम तसं साधं, आणि जिथे अडचण होती तिथे ती एकदम अडचणच होती. आतल्या युनिटमधून चार गोष्टी निघतात: एक जाड तांब्याची नळी, एक बारीक, एक वायर आणि एक ड्रेन. तांब्यातून गॅस जातो. गॅसला वर-खाली चालतं. मशिन ढकलेल तिकडे तो जातो. ड्रेनमधल्या पाण्याला कुणी ढकलत नाही. त्याला ढाळ लागतो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मधे कुठेही वर न चढता. आणि इथे पाण्याला अख्खं स्वयंपाकघर ओलांडून अंगणात जायचं होतं. वर छताची तुळई, खाली खिडकीची चौकट, मधे जेमतेम वीतभर जागा. त्या वीतभर उंचीत सगळी लांबी उतरवायची.

त्यात काकू.

काकू म्हणजे काकांची बायको आणि स्वयंपाकघराची मालकीण. "भिंतीला आत्ताच रंग दिलाय," त्या म्हणाल्या. "दोरीबिरी मारून रेघ उठवायची नाही."

"दोरी मारल्याशिवाय ढाळ कसा कळणार, काकू?"

"एवढी मोठी बाई तू, तुला नजर नाही?"

निळी भुकटी लावलेली दोरी पिशवीतच राहिली. "आणि वरून जे आवरण लावणार ना," काकू पुढे म्हणाल्या, "ते मला सरळ पाहिजे. तिरकं दिसलं तर माझं डोकं दुखतं. आत काय घालायचा तो तिरकेपणा घाला."

म्हणून ठरलं ते असं. वीतभर रुंद प्लास्टिकची पेटी भिंतीवर सरळ आडवी लावायची, वर झाकण. तिच्या आत तांब्याच्या नळ्या वरच्या कडेने, ड्रेन खालून, आणि ड्रेनला क्लॅम्पनी पकडत पकडत हळूहळू खाली न्यायचं. खोलीच्या बाजूने वहिनीने यायचं, अंगणाच्या बाजूने बारकीने. मधे भेटायचं.

मधे भेटल्या. वहिनी बाहेर गाडीकडे व्हॅक्युमचा पंप आणायला गेली. बारकीने वहिनीचे क्लॅम्प बघितले.

सुरुवातीचे ठीक. शेवटचे दोन मात्र जवळजवळ आडवेच. नव्या माणसाचं हेच होतं, बारकीच्या मनात आलं, वीतभर जागा आहे म्हटल्यावर आधीच काटकसर करायला लागतात. तिने दारातून बघितलं. वहिनी गाडीत डोकं घालून होती. बारकीने स्क्रू काढले, दोन्ही क्लॅम्प चांगले दीड बोट खाली घेतले, भोकं बुजवली, नळी दाबून बसवली. काकू कांदा चिरत होत्या. त्यांनी सुरी थांबवली.

"ते तिने लावले होते ना?"

"हो."

"मग सांगत का नाहीस तिला?"

"आमच्यात सांगत नाहीत," बारकी म्हणाली आणि अंगणात गेली.

*

अंगणात बाहेरचं युनिट. बारकीने नळी कापली, आतली कड खरवडली, आधी नट घातला, मग तोंड रुंद केलं. नट घालायचं विसरून तोंड रुंद केलं की नट मागाहून जात नाही. नळी पुन्हा कापावी लागते. प्रत्येकाकडून एकदा होतंच हे. वहिनीकडून त्याच सकाळी आत झालं होतं. भिंतीच्या भोकातून बारकीला दिसलं: वहिनीने सुरेख, गोल, चकचकीत तोंड केलं, नट उचलला आणि मग नटाकडे नुसती बघत बसली. तेवढ्यात भोकातून तिला बारकीचा डोळा दिसला.

"काय?" वहिनी म्हणाली.

"कुठे काय."

"वन्सं, तुमचं तिकडे काही काम नाहीये का?"

वहिनी एरवी बारकीला अगंतुगं करी. 'वन्सं' आणि 'तुम्ही' आलं की समजायचं, पारा चढलाय.

बारकीचा फोन वाजला. दादा.

"काय चाललंय?"

"चाललंय."

"वहिनीचं बघितलंस मागून?"

"बघितलं. दोन क्लॅम्प खाली घेतले."

"काही बोललीस तिला?"

"नाही."

"शाब्बास. नवी आहे ती, तिला सांभाळून घे," दादा म्हणाला आणि फोन ठेवला. लगेच आत वहिनीचा फोन वाजला. वहिनीचा आवाज तेवढा भोकातून येत होता. "हो... हो... बघते ना... नाही, नाही बोलले... माहीत आहे मला."

माझ्यावर नजर ठेवायला लावलंय का काय हिला, असं बारकीच्या मनात येऊन गेलं. पण पाना हातात होता, नट अर्धा फिरवलेला होता. ती तिकडेच वळली.

नट आवळले. वायू भरून दाब बघितला, सांध्यांना साबणाचा फेस लावला (कपड्यांच्या साबणाचा), एकही बुडबुडा नाही. मग पंप लावला. नळ्यांतली हवा आणि ओल ओढून घेत तो घरघरत राहिला. तोवर ड्रेन बघून घ्यायचा होता. बारकी आत डोकावली.

"झाकण लावलंस?"

"केव्हाच," वहिनी म्हणाली. पेटी बंद, सरळ, काकू खूश.

*

पाण्याची परीक्षा अशी असते. एक जण आत शिडीवर चढून, युनिटचं पुढचं दार उघडून, आतल्या तबकात पाणी ओततो. दुसरा बाहेर नळीच्या तोंडाशी बसतो. मधे भिंती असतात, म्हणून ओरडावं लागतं.

"ओतते गं!"

"ओत!"

काका चेलोजवळ येऊन उभे राहिले होते. काकू दारात, हातात पाण्याचा मोठा जग.

"आलं का?"

"नाही."

"आता?"

"नाही आलं."

"वेळ लागतो लांबीमुळे," वहिनी काकांना म्हणाली. तिने काकूंकडून दुसरा पेला भरून घेतला आणि ओतला.

"आलं?"

बारकी नळीच्या तोंडाखाली तळहात धरून उकिडवी बसली होती. तळहात कोरडा. आतून कुठूनतरी 'डुब्' असा आवाज आला, भरल्या बाटलीतून येतो तसा. हा आवाज नळीत पाणी अडलं की येतो. पाणी अडलं की पुढे जात नाही. पुढे गेलं नाही की मागे येतं.

"वहिनी, ओतू नकोस!" ती ओरडली.

पण ओतून झालं होतं. बारकी धावत आत आली तेव्हा युनिटच्या खालच्या कडेला पाण्याची एक रेघ जमत होती. वहिनीने शिडीवरूनच तळहात लावला. हात भरला, बोटांतून थेंब सुटला. काका चेलोवर ओणवे झाले, कोंबडी पिल्लांवर होते तसे, आणि तो थेंब त्यांच्या टकलावर पडला. मग दुसरा.

बारकीने जग काकूंच्या हातून ओढून घेतला, असेल नसेल ते पाणी दारात ओतलं आणि रिकामा जग वहिनीच्या हाताखाली धरला. थेंब जगात पडायला लागले. टप. टप.

"लाकडावर पडलं?" काकांनी खालूनच विचारलं.

"नाही."

"डोक्यावर पडलं."

"हो, काका."

"दुकानात फोन करायला हवा," काका चेलोशीच बोलत असल्यासारखे म्हणाले. "पण मी इथून उठणार नाही. पाणी थांबल्याशिवाय मी उठणार नाही. अगं, माझा फोन आण गं."

काकू जागच्या हलल्या नाहीत. "तुमचा फोन कुठे असतो मला काय माहीत."

"फ्रिजवर असतो. रोज असतो."

"मला चष्म्याशिवाय फ्रिज दिसत नाही," काकू म्हणाल्या, आणि दोघींकडे बघून त्यांनी भुवया उडवल्या. लवकर करा, असं त्या भुवयांचं म्हणणं होतं.

*

स्वयंपाकघरात बारकीने पेटीचं झाकण ओढून काढलं.

आणि दोघी बघत राहिल्या.

वहिनीच्या बाजूने नळी छान उतरत येत होती, मग शेवटच्या दोन क्लॅम्पना एकदम खाली गेली होती, आणि तिथून बारकीच्या बाजूला लागताना उड्डाणपुलासारखी वर चढली होती. चढून ती युनिटच्या तबकापेक्षाही वर गेली होती. तिथून पुढे पुन्हा सुरेख ढाळ. खड्ड्यात पाणी तुंबून बसलं होतं, आणि बसून बसून शेवटी आल्या वाटेने परत निघालं होतं.

"हे माझे नाहीत," बारकी वरच्या दोन क्लॅम्पवर बोट ठेवून म्हणाली. "मी हे खाली लावले होते."

"आणि हे माझे नाहीत," वहिनी खालच्या दोन क्लॅम्पवर बोट ठेवून म्हणाली. "मी वर लावले होते."

दोघींनी फक्त दुसरीचे क्लॅम्प बघितले होते, आपल्या क्लॅम्पकडे पुन्हा वळून कुणी बघितलंच नव्हतं.

"तुझे फार आडवे होते," बारकी म्हणाली. "म्हणून मी..."

"माझे बरोबर होते. तूच इतकी खाली गेलीस की तुझे शेवटचे दोन्ही खिडकीच्या चौकटीवर टेकणार होते. म्हणून मी..."

"माझ्या कामाला तू हात लावलास?"

"तू माझ्या कामाला लावलास तो काय पाय होता?"

"मला दादाने सांगितलंय, वहिनी नवी आहे, मागून सावरून घे."

वहिनी तिच्याकडे वळली. "मला त्याने सांगितलंय," ती म्हणाली, "बारकीचा हात खाली जातो, तिचे शेवटचे दोन नेहमी वर घे. तिला बोलू नकोस, तिला वाईट वाटेल."

"नेहमी म्हणजे?"

"नेहमी म्हणजे नेहमी. तो स्वतः घ्यायचा. प्रत्येक कामावर. तू बाहेरच्या युनिटकडे गेलीस की."

पंप बाहेर घरघरत होता. बारकीला वाटलं, आपल्या पायाखालून कुणीतरी हळूच शिडी काढून घेतली. एवढी वर्षं. एवढ्या भिंती. 'माझं काम गळत नाही' असं ती किती जणांना सांगून बसली होती. लग्नकार्यात, दवाखान्यात, रस्त्यात. सकाळी काकांना सांगितलं तेव्हा वहिनी पिशवीत काय शोधत होती ते तिला आत्ता कळलं. काहीच नाही.

"तू मला सांगायला हवं होतंस," ती म्हणाली.

"आणि तू मला? नटाच्या वेळी भोकातून बघत होतीस नुसती! 'वहिनी, नट' एवढं म्हणायला काय झालं होतं? माझी हातभर नळी वाया गेली."

"गिऱ्हाइकाच्या घरात..."

"गिऱ्हाइकाला सगळं ऐकू येतंय!" आतून काका ओरडले. "गिऱ्हाइकाची कंबर धरली आहे! भांडायचं तर हात चालवत भांडा!"

काकूंनी गॅस बंद केला, पिशवीतून दोरी काढली आणि बारकीच्या हातात दिली. "घ्या. मारा रेघ. माझी भिंत काय पळून जात नाही."

*

दोरी मारली. भिंतीवर निळी रेघ उमटली, या भोकापासून त्या भोकापर्यंत, एका दमात. दोघी दोन स्टुलांवर चढल्या, आणि गिऱ्हाइकाच्या घरात, पलीकडच्या भिंतीलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, पहिल्यांदाच एकमेकींच्या चुका काढायला लागल्या.

"खाली घे. अजून. अगं, किती घेशील, चौकटीत घुसवतेस का?"

"तुझा वर आहे."

"कुठे वर आहे?"

"रेघ बघ की! डोळे आहेत ना? पाणसळ लाव."

"लावली. बुडबुडा तुझ्याकडे पळतोय."

"म्हणजे तुझं टोक खाली आहे. माझ्याकडे पळायला मी काय त्याची मावशी आहे?"

काकू हसल्या. वहिनीही हसली, मग आपण रागात आहोत हे आठवून तिने तोंड बंद केलं.

"हा माझा," बारकी म्हणाली. क्लॅम्प रेघेवर धरला, स्क्रू लावला नाही. तिला तो अगदी चोख वाटत होता. "बघ."

वहिनीने वाकून बघितलं. "खाली आहे."

"रेघेवर आहे."

"खालच्या कडेने धरलायस रेघेवर. मधोमध धर."

बारकीने निरखून बघितलं. खरंच खालच्या कडेने धरला होता. पहिल्यांदाच कुणीतरी ते तिला तोंडावर सांगत होतं. दर वेळी असंच होत असणार. अर्ध्या बोटाचा फरक, आणि तोच पुढे वाढत जाणारा. तिने मधोमध धरला. वहिनी म्हणाली, "हां." मग बारकीने वहिनीच्या शेवटच्या दोघांकडे बोट केलं. "तू दुसरा लावताना पहिल्याकडे बघून लावतेस. रेघेकडे बघून लाव. एक चुकला की सगळे त्याच्यामागे जातात." वहिनी दोन्ही क्लॅम्प काढून पुन्हा लावायला लागली, ओठ आवळून, पण लावायला लागली.

मधल्या खड्ड्यातलं पाणी निघून बारकीच्या बाहीतून कोपरापर्यंत गेलं. तिने हात झटकला. थेंब वहिनीच्या चष्म्यावर.

"मुद्दाम केलंस."

"हो."

आत युनिटखाली जगात पडणारे थेंब विरळ झाले, मग थांबले. काकांनी कंबरेवर हात ठेवून हळूहळू पाठ सरळ केली. ते फ्रिजपर्यंत गेले, फोन घेतला, खिशात टाकला आणि परत टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"ओतते गं!" वहिनी शिडीवरून ओरडली.

अंगणात बारकीने तळहात पुढे केला. तिला त्या क्षणी साबणाच्या वड्या दिसल्या, ओळीने, सरकत्या पट्ट्यावर, संपता न संपणाऱ्या.

"आलं का?"

"थांब."

"आलं का गं?"

"थांब म्हटलं ना!"

नळीच्या तोंडाशी आधी हवा आली, मग एक थेंब लोंबला, मग धार सुटली. गार, बारीक, न तुटणारी. तिच्या तळहातावरून मनगटावर, मनगटावरून जमिनीवर.

"आलं!"

"किती?"

"तू ओतलंस तेवढं सगळं!"

वहिनीने दुसरा पेला ओतला. तिसरा काकूंनी स्वतः शिडीच्या दोन पायऱ्या चढून दिला. काका युनिटच्या खालच्या कडेवरून बोट फिरवत राहिले, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी बोट कोरडं निघालं.

मग त्यांनी दुकानात फोन लावला.

दोघी पेटीचं झाकण दोन टोकांना धरून तशाच उभ्या राहिल्या.

"हो, मीच," काका म्हणाले. "झालं. नाही, एकदम नाही झालं. आधी पाणी मागे आलं. माझ्या डोक्यावर पडलं. नाही, वाद्यावर नाही. मग त्यांनी उघडून पुन्हा केलं. आता जातंय." पलीकडून काहीतरी विचारणं झालं. "तक्रार? तक्रार कसली करू, माझ्यासमोर सगळं झालं. काय चुकलं, कुणाचं चुकलं, सगळं मला ऐकवलं. हो. ओरडतात फार. नाही, माझ्यावर नाही, एकमेकींवर. घ्या, बोला."

वहिनीने फोन घेतला. बरीच वर्षं फोन घेतलेली बाई, पण हात ओला असल्यासारखा तिने तो दोन बोटांत धरला. "हो," ती म्हणाली. "हो... समजलं... नाही, ती आहे ना, दोघी येऊ." मग पाठ करत असल्यासारखा एक पत्ता मोठ्याने म्हटला: कुठल्या चौकातून वळायचं, कुठला मजला. "परवा सकाळी."

बारकीने आपल्या बाजूचं झाकण दाबलं. ते टक्कन बसलं.

"तुझ्या बाजूचं अजून उघडं आहे," ती म्हणाली.

"दिसतंय मला."

"तरी सांगितलं."

पंप थांबवून गॅस सोडला, एसी चालू केला. काकांनी हात वर करून वारा चेलोकडे जात नाही ना ते बघितलं. गाडीत सामान भरताना दादाचा फोन आला, आधी बारकीला, मग वहिनीला, मग पुन्हा बारकीला. तिचा फोन समोरच्या काचेशी पडून गरगर फिरत वाजत राहिला. दोघींनी त्याच्याकडे बघितलं.

"तू घे," बारकी म्हणाली.

"तुझा भाऊ आहे."

"तुझा नवरा आहे."

वहिनीने गाडी सुरू केली.

दादाने सगळ्यात पहिला एसी बसवला तो आईच्या खोलीत, आणि तो अख्खा उन्हाळा गळत होता.